भाकर, पाव आणि बलिदान : ख्रिस्ती प्रभुभोजनाचा महाराष्ट्रांतील अर्थ

नाशिक जिल्ह्यांतील मनमाड हें गांव रेल्वेच्या सांध्यामुळें वाढलें. मुंबईहून भुसावळाकडे जाणारा मार्ग, अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथून येणारा व १८७८ सालीं सुरू झालेला दौंडचा फांटा, आणि मराठवाड्यांत उतरणारा मार्ग, असे तीन मार्ग येथें एकत्र येतात. त्यामुळें निरनिराळ्या प्रांतांचे व पंथांचे लोक येथें येऊन राहिले. अन्न महामंडळाचें मोठें धान्यकोठार याच गांवीं आहे, आणि येथील गुरुद्वाऱ्यांत लंगरहि चालतो. अशा या अन्नाच्या गांवीं मुक्काम असतां एका विचारी स्नेह्यांनीं प्रस्तुत लेखकास प्रश्न केला : “ख्रिस्ती लोक आपल्या मुख्य विधीस बलिदान म्हणतात. परंतु त्यांत पशु नाहीं, अग्नि नाहीं, आहुति नाहीं. केवळ भाकरीचा तुकडा मोडून खाणें आहे. त्यास बलिदान कसें म्हणावें? आणि आमच्या पूर्वजांनीं त्या एका तुकड्याचें एवढें भय कां बाळगलें?” हे दोन्ही प्रश्न परस्परांशीं निगडित आहेत. त्यांचें उत्तर इतिहासाच्या आधारें देण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

प्रथम या विधीचें मूळ पाहूं. यहुदी लोकांचा वल्हांडण नांवाचा सण मिसर देशांतील दास्यांतून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ पाळला जातो. त्या सणांत पूर्वीं दोन वस्तु प्रमुख असत : एक कोंकरूं व दुसरी बेखमीर, म्हणजे आंबवण न घातलेली भाकर. घाईनें देश सोडावा लागला व पीठ फुगण्यास अवकाश मिळाला नाहीं, अशी या भाकरीची उपपत्ति सांगतात. शुभवर्तमानांपैकीं पहिल्या तिहींच्या मतें येशूचें शेवटचें भोजन याच सणाचें होतें; चौथ्याच्या मतें सणाच्या आदल्या दिवशीं कोंकरें मारलीं जात असतां येशूचा मृत्यु झाला. कालगणनेचा हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तथापि दोन्ही पक्षांचा आशय एकच आहे. त्या भोजनांत येशूनें भाकर घेऊन, उपकारस्तुति करून, ती मोडली व शिष्यांस देऊन ती आपलें शरीर असल्याचें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो वधस्तंभावर मेला. यामुळें कोंकराचें स्थान येशूस मिळालें, आणि त्या मृत्यूची खूण म्हणून भाकर मागें राहिली.

या विधीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख पौलानें करिंथ येथील मंडळीस इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत आहे. तो उल्लेख कोणत्या प्रसंगानें आला हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. करिंथ येथील सधन लोक एकत्र जमून आधींच खाऊन घेत व दरिद्री उपाशी राहत. त्याबद्दल पौलानें त्यांची कानउघाडणी केली, आणि अशा जेवणास प्रभूचें भोजन म्हणतां येणार नाहीं असें बजावलें. एक भाकर मोडून सर्वांनीं खाल्ली तर खाणारे सर्व मिळून एक शरीर होतात, हा त्याचा सिद्धांत आहे. अर्थात् बलिदान व सहभोजन हे दोन अर्थ प्रारंभापासून एकमेकांत गुंतलेले आहेत. पुढें इसवी सन ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर पाडलें व यहुदी धर्मांतील पशुयज्ञ बंद पडले. त्यानंतर ख्रिस्ती लोकांची वेदीवरील भाकर हीच त्यांची अर्पणवस्तु, ही कल्पना अधिकाधिक दृढ होत गेली. लॅटिन पंथांत या भाकरीस ‘होस्तिया’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ बळी दिलेला पशु असा आहे. एका शब्दांत सर्व उपपत्ति सामावली आहे.

हें बलिदान कोणत्या अर्थानें मानावें याविषयीं ख्रिस्ती पंथांत तीव्र मतभेद झाले. कॅथॉलिक पंथानें ट्रेंट येथील धर्मसभेंत १५६२ सालीं असें ठरविलें कीं, मिस्सा हें खरेंखुरें बलिदान आहे. वधस्तंभावर जो अर्पण झाला तोच येथें रक्तपाताशिवाय अर्पण होतो. मार्टिन लूथरनें मिस्सा हें मनुष्यानें देवास दिलेलें बलिदान आहे ही कल्पना नाकारली, पण भाकरींत ख्रिस्ताचें अस्तित्व मानलें. झ्विंग्ली यानें भाकर ही केवळ स्मरणचिन्ह मानिली. या मुद्द्यावर १५२९ सालीं मारबुर्ग येथें दोघांची भेट होऊनहि समेट झाला नाहीं. म्हणून आजहि एक ख्रिस्ती मनुष्य मिस्सेस जातो व दुसरा प्रभुभोजनास बसतो. तुकडा तोच, पण त्याची व्याख्या निराळी.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. धान्याच्या पिठास बळीचें स्थान मिळणें ही गोष्ट आपणांस अपरिचित नाहीं. श्रौत यज्ञांतील पुरोडाश म्हणजे तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाची, कपालांवर भाजलेली जाड पोळी होय. ऐतरेय ब्राह्मणांत एक कथा आहे : यज्ञास योग्य असें सत्त्व प्रथम मनुष्यांत होतें. तें त्याच्यांतून निघून अश्वांत, तेथून बैलांत, मग मेंढ्यांत व बकऱ्यांत गेलें, आणि अखेर भूमींत शिरून तांदूळ झालें. शतपथ ब्राह्मण तर पुरोडाशाच्या पिठास केंस, त्यांत घातलेल्या पाण्यानें होणाऱ्या रूपास त्वचा, मळलेल्या गोळ्यास मांस व भाजलेल्या पोळीस अस्थि म्हणतें. पिठाचा पशु करून यज्ञ करावा कीं प्रत्यक्ष पशु मारावा, हा पिष्टपशूचा वाद महाराष्ट्रांतील वैदिकांतहि होऊन गेला आहे. तेव्हां भाकरीस बलिदान म्हणण्यांत विसंगति कांहींच नाहीं.

परंतु साम्यावरून एकानें दुसऱ्याचें अनुकरण केलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. दोहोंतील भेद मूलभूत आहे. पुरोडाशांत धान्य हें पशूचा प्रतिनिधि होतें आणि मनुष्य तें देवतेस देतो. ख्रिस्ती कल्पनेंत देणारा व दिला जाणारा एकच आहे, आणि ज्यास द्यावयाचें त्याच्याच इच्छेनें तें दान घडतें. शिवाय यज्ञांतील हुतशेष अधिकारी मनुष्यानेंच खावयाचा असतो. ख्रिस्ती भाकर मात्र, निदान तत्त्वतः, दीक्षित झालेल्या कोणत्याहि जातीच्या मनुष्याच्या मुखांत जाते. महाराष्ट्रांत खरा कलह माजला तो येथें.

या भाकरीचा महाराष्ट्रांत प्रथम प्रवेश पोर्तुगीजांबरोबर झाला. गोवें त्यांनीं १५१० सालीं घेतलें. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यांत होती. ‘पाव’ हा आपला शब्द त्यांच्याच भाषेंतला आहे. गव्हाचें पीठ आंबवून भट्टींत भाजण्याची रीतहि त्यांजकडूनच आली. गोव्यांत पीठ फुगविण्यास माडाची सूर वापरूं लागले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले व त्यांचें ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें छापलें गेलें. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यापर्यंत त्यांनीं मराठी श्रोत्यांच्या परिभाषेशीं जुळतें घेतलें. परंतु ग्रंथाची भाषा जितक्या लौकर आपलीशी झाली, तितक्या लौकर ताटांतील अन्न होत नाहीं.

वसईकडे व गोव्याकडे एक आख्यायिका सर्वश्रुत आहे : पाद्र्यांनीं विहिरींत पाव टाकला, आणि नकळत तें पाणी प्यालेला सारा गांव बाटला. ही कथा प्रत्येक गांवास आपलीच घडलेली वाटते, यावरूनच ती शब्दशः इतिहास म्हणून घेतां येत नाहीं. पोर्तुगीज अमदानींतील धर्मांतराचीं खरीं कारणें, म्हणजे राजसत्तेचा दाब, देवळांचा विध्वंस, सवलती व कित्येकांची श्रद्धा, हीं निराळीं होतीं. परंतु मनोवृत्तीचा पुरावा म्हणून या कथेचें मोल मोठें आहे. तींत बाटविणारी वस्तु तरवार नव्हे, ग्रंथ नव्हे, तर भाकरीचा तुकडा आहे. आणि बाटविणारा तो तुकडा असला तरी बाहेर घालविणारे आपलेच सोयरे आहेत, ही गोष्ट कथा सांगणारास बहुधा जाणवत नाहीं.

येथें एक बारकावा नोंदवावासा वाटतो. लॅटिन पंथाच्या वेदीवरील भाकर ही पाव नव्हेच. ती गव्हाच्या पिठाची, आंबवण नसलेली, कागदासारखी पातळ चकती असते. पूर्वेकडील ग्रीक पंथ आंबवलेली भाकर वापरतो, आणि १०५४ सालच्या फुटीच्या वादांत हा एक मुद्दा होता. तेव्हां आमच्या लोकांनीं ज्या पावाचें भय घेतलें तो बाजारांतला पाव होता. बलिदानाचें चिन्ह असलेली भाकर त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडली. या दोन वस्तूंचा घोटाळा झाला आणि चिन्हाचा अर्थ झांकून गेला.

एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं मराठींत शास्त्र आणलें. विल्यम केरी यांचा मराठी नवा करार श्रीरामपूर (बंगाल) येथून १८११ त निघाला. अमेरिकन मिशनऱ्यांचा मुंबईंत १८२६ त प्रसिद्ध झाला. प्रचलित मराठी बायबलांत या अन्नास ‘भाकर’ हाच शब्द रूढ आहे. या शब्दानें काय साधलें तें पाहण्यासारखें आहे. ज्वारी-बाजरीची भाकर स्वभावतःच बेखमीर असते. ती सुरीनें कापीत नाहींत, हातानें मोडतात. ती कष्टकऱ्याचें रोजचें अन्न आहे, आणि ‘भाकरीसाठीं’ या शब्दांत आपल्या भाषेनें सारी उपजीविका सांठविली आहे. दृष्ट काढतांना भाकरतुकडा ओवाळून टाकतात. म्हणजे एकावरील अरिष्ट भाकरीवर घालण्याची कल्पनाहि आपणांस नवी नाहीं. पाव हा शब्द परका राहिला, भाकर हा शब्द घरचा झाला. उलटपक्षीं, खमिराचे दृष्टांत मात्र मराठी वाचकास समजावून सांगावे लागतात, हेंहि खरें.

तरी पावाचें भय एकाएकीं गेलें नाहीं. मुंबईंत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृतींनीं परमहंस मंडळी स्थापिली. तिच्या सभासदांस ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. जातिभेद सोडल्याची तीच कसोटी होती. परंतु मंडळीचा व्यवहार गुप्त असे, आणि सभासदांचीं नांवें बाहेर फुटतांच ती मोडली. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, तर टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य येऊन प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. तेथें प्रभुभोजन नव्हतें, बलिदान नव्हतें, केवळ उपचार होता. मग ज्यानें प्रत्यक्ष ती भाकर घेतली त्याची काय अवस्था झाली असेल?

याचें उत्तर कवि नारायण वामन टिळकांच्या घरांत सांपडतें. १८९५ त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळील जलालपुरच्या माहेरच्या लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें पतीजवळ आल्यावरहि त्यांनीं प्रथम अन्नपाण्याचें सोंवळें सोडलें नव्हतें. जातिभेद मनांतून गेला तेव्हांच तें सुटलें, आणि १९०० त त्यांचाहि बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास हें दिसेल कीं, मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या हातांतील तुकड्यांत दोन बलिदानें होतीं : एक ख्रिस्ताचें, व दुसरें आईबाप, सोयरे व पंगत यांवर पाणी सोडणाऱ्या त्या मनुष्याचें.

याच काळांत १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० असे दारुण दुष्काळ पडले. मिशनांनीं अन्न दिलें, अनाथ सांभाळले, आणि कित्येकांनीं धर्म बदलला. ‘भाकरीसाठीं बाटले’ हा टोमणा तेव्हांपासून रूढ आहे. कांहीं ठिकाणीं तो खरा असेल. परंतु ज्यास आपल्या गांवांत पाणवठा बंद होता, त्यास एकाच भाकरीचा समान वांटा मिळणें हें निव्वळ पोटाचें आमिष म्हणून सोडून देतां येत नाहीं. तसेंच ख्रिस्ती समाजासहि हा हिशेब चुकलेला नाहीं. भारतांतील ख्रिस्ती मंडळ्यांत जातीची आठवण सोयरिकींत व मानपानांत राहिली आहे. पौलानें करिंथकरांस दिलेली तंबी त्यांनाहि लागू पडते.

तेव्हां मनमाडच्या स्नेह्यांस उत्तर द्यावयाचें तें असें. मोडलेली भाकर बलिदान कां, तर मोडल्याशिवाय ती दुसऱ्यास देतां येत नाहीं. आणि आमच्या पूर्वजांनीं तिचें भय कां घेतलें, तर ती कोणाच्या हातची हें न विचारतां खावयाची होती. त्यांनीं पाव व भाकर यांचा घोटाळा केला खरा. परंतु ती घेतल्यानें पंगत बदलते, ही गोष्ट त्यांनीं अचूक ओळखली होती.