यंत्राचा श्वास आणि तेलाची गळती

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींविषयी एक विनोद सर्वपरिचित आहे. ज्या दिवशी गाडीखाली तेलाचा डाग दिसणार नाही, त्या दिवशी इंजिनातील तेल संपले असे समजावे ! ट्रायंफ, बी. एस. ए., नॉर्टन अशा नामांकित गाड्यांना हा बट्टा चिकटला. परंतु ही गळती का होते असे विचारले, तर बहुतेक जण ‘गॅस्केट खराब’ एवढेच उत्तर देतात. आम्ही वाङ्मयाचे विद्यार्थी. आम्हीही पुष्कळ दिवस तेच समजत होतो.

आमच्या बंधूंकडे तशाच जुन्या घडणीची एक मोटारसायकल आहे. तिच्या सांध्यांतून तेल झिरपू लागले, म्हणून दोनदा गॅस्केटे बदलली, सांध्यांना चिकट लेप दिला, बोल्ट आवळले. तेल झिरपतच राहिले. पुढे एका पावसाळ्यात चोर्ला घाट उतरताना तेलाने माखलेले मागचे चाक वळणावर सरकले. ईश्वरकृपेने इजा झाली नाही. त्यानंतर एका वृद्ध मिस्त्रींनी गॅस्केटाकडे न पाहता इंजिनातून निघणारी एक रबरी नळी आधी उपसली आणि म्हणाले, “मास्तर, हिचा श्वास कोंडला आहे.” नळीच्या टोकाची रबरी झडप कडक होऊन चिकटली होती. दोष आमच्या हयगयीचा होता. नवी झडप बसताच गळती जवळजवळ थांबली.

इंजिनाला श्वास कसला ? सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होत असतो. इंधनाचा भडका उडतो तो पिस्टनच्या वरच्या बाजूस. त्यामुळे सर्वांचे लक्ष तिकडेच असते. परंतु पिस्टनच्या खालीही हवा असते. ती ज्या बंद पेटीत असते, तिला क्रँककेस म्हणतात. पिस्टन खाली आला की पेटीतील जागा कमी होऊन हवा दाबली जाते. वर गेला की जागा वाढून दाब उतरतो. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा रेटा. हाताला जो विरोध जाणवेल, तोच हा दाब होय. शिवाय पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा जळका वायू सतत खाली निसटतो आणि पेटीत साठत जातो.

आता ब्रिटिश गाड्यांचे वैशिष्ट्य पाहू. एडवर्ड टर्नर यांनी रचलेली ट्रायंफ ‘स्पीड ट्विन’ १९३७ साली प्रसिद्ध झाली. तिचे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे होते आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जात, एकाच वेळी खाली येत. बी. एस. ए. आणि नॉर्टन यांनीही पुढे असेच जुळे इंजिन स्वीकारले. स्पीड ट्विनचे दोन्ही सिलिंडर मिळून सुमारे ५०० घन सेंटीमीटर, म्हणजे अर्धा लिटर, भरतात. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर पेटीतील अर्धा लिटर जागा सेकंदाला ५० वेळा कमी होते आणि ५० वेळा वाढते. याउलट १९६९ साली आलेल्या होंडाच्या चार सिलिंडरांच्या सी. बी. ७५० या गाडीत दोन पिस्टन खाली येताना दोन वर जातात. त्यामुळे पेटीतील एकूण जागा फारशी बदलत नाही.

भाताच्या पातेल्यावर झाकण घट्ट दाबून ठेवले, तर वाफ कडेने फसफसत बाहेर पडते. दोष झाकणाचा नसतो. वाफेला वाट नसते. इंजिनालाही अशी वाट द्यावी लागते. तिला ब्रीदर म्हणतात. उत्तम ब्रीदर हा एकेरी दरवाजा असतो. पिस्टन उतरताना तो उघडून हवा बाहेर जाऊ देतो आणि पिस्टन चढताना मिटून बाहेरची हवा आत येऊ देत नाही. असे झाले की पेटीतील सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो. मग सांध्यात बारीक फट असली, तरी बाहेरची हवाच आत शिरू पाहते आणि तेल आतच राहते.

ट्रायंफच्या जुळ्या इंजिनांत हा दरवाजा म्हणजे कॅमशाफ्टच्या टोकाशी फिरणारी एक छिद्रांची चकती होती. १९७० सालच्या ६५० घन सेंटीमीटरच्या गाड्यांपासून ती काढून टाकण्यात आली. पेटीतील हवा प्रथम प्रायमरी चेनच्या प्रशस्त कप्प्यात सोडण्यात आली. तेथे वेग मंदावून हवेतील तेलाचे थेंब खाली बसत आणि हवा रुंद नळीने मागे निघून जाई.

सर्वच गळतीचे खापर श्वासावर फोडणे मात्र योग्य नव्हे. या इंजिनांची पेटी दोन उभ्या अर्धुकांची असे. त्यामुळे सांधा थेट तेलाच्या तळापर्यंत जाई. ट्रायंफच्या पुशरॉड नळ्यांच्या तळाशी असलेली रबरी कडी जुनी झाली की पाझरत. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीत टाकीतील तेल पंपावाटे क्रँककेसमध्ये उतरते आणि गाडी सुरू करताच ब्रीदरमधून भसकन बाहेर येते; ती खरी गळती नव्हेच.

म्हणून ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल, त्यांनी हा क्रम पाळावा. प्रथम इंजिन पुसून कोरडे करावे आणि तेल नेमके कोठून येते ते पाहावे. मग ब्रीदरची नळी चेपलेली, तुंबलेली वा दुमडलेली नाही ना, झडप एकाच दिशेने उघडते ना, हे तपासावे. नळीतून सतत धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो. हे सर्व झाल्यावरच गॅस्केटाला हात घालावा; बोल्ट तर अतिरेकाने कधीच आवळू नयेत, कारण त्यामुळे ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. मागच्या टायरवर तेल दिसले, तर ते पुसल्यावाचून गाडी रस्त्यावर काढू नये, ही मात्र सर्वांत पहिली गोष्ट.

तेल जेथे दिसते, तेथेच आम्ही दोनदा पैसे खर्च केले. कारण दुसरीकडे होते, आणि ते एका लहानशा रबराच्या तुकड्यात होते.