धूर नव्हे, तुषार

जबलपूरहून भेडाघाटला जाणाऱ्या प्रवाशाला धुआंधार दिसण्यापूर्वी त्याचा घोष ऐकू येतो. नर्मदा कड्यावरून खाली झेपावते आणि पांढऱ्या धुराचे लोट वर उठतात. पण हा धूर नव्हे, पाण्याचेच तुषार होत. पाण्याने रूप पालटले, तरी ते पाणीच राहिले. डोळ्यांना दिसणारा प्रत्येक बदल रासायनिक नसतो, हा पहिला धडा नर्मदा अशी सहज देऊन जाते.

मग रासायनिक क्रिया ओळखावी कशी? तेथील मूर्तिकाराच्या छिन्नीखाली सांडलेली संगमरवराची पूड घ्या व तीवर लिंबाचा रस पिळा. सावकाश बुडबुडे येऊ लागतील. दगडातून कर्बद्विप्राणिद वायू मुक्त झाला. हे एक लक्षण. पूड शंखजिऱ्याची असेल, तर मात्र काहीच घडणार नाही. सोडावॉटरच्या बाटलीतही बुडबुडे येतातच; परंतु तेथे दाबाखाली विरघळलेला वायू केवळ सुटतो, नवा पदार्थ होत नाही.

१९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच असलेले कटनी चुन्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेने चुनखडीतील वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतताच तो फुगतो, तडकतो आणि विस्तवावाचून पाणी उकळू लागते. उष्णता हे दुसरे लक्षण. त्याचा शिंतोडा डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. म्हणून ही लक्षणे ओळखणे केवळ परीक्षेपुरते नाही. चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने फुंकर घातली, तर ती दुधाळ होते. हा साका तिसरे लक्षण. हळदीला चुना लागताच ती लाल होते. हा रंगबदल चौथे.

तथापि लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. भिंतीला लावलेला चुना हवेतील तोच वायू शोषून महिनोन्‌महिने पुन्हा दगड होत राहतो. तेथे ना बुडबुडे दिसतात, ना वाफ. धुआंधारच्या काठी क्रियेवाचून धूर दिसतो, तर भिंतीवर धुरावाचून क्रिया चालते. म्हणून दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारावा: नवा पदार्थ निर्माण झाला काय?