कारण सापडलं म्हणजे दोषी सापडला का?

कारण आणि दोष या दोन शब्दांची आपण नेहमी गल्लत करतो. ती एका आजारावर तपासून पाहू.

काही मुलग्यांच्या नडग्यांवर, मानेवर, कुशीवर जन्मानंतर काही महिन्यांतच तपकिरी खवले दिसू लागतात. याला एक्स-संलग्न इक्थिओसिस म्हणतात. ग्रीकमध्ये 'इक्थिस' म्हणजे मासा. साधारण 2000 ते 6000 मुलग्यांमागे एकाला हा असतो. लोक म्हणतात, "मळ साचलाय, आई नीट अंघोळ घालत नाही." मग घासणं सुरू होतं.

प्रत्यक्षात काय घडतं? त्वचेत कोलेस्टेरॉल सल्फेट तयार होतं. वरच्या थरात स्टेरॉइड सल्फेटेज नावाचं एन्झाइम त्यातलं सल्फेट तोडतं. हे एन्झाइम नसलं, की कोलेस्टेरॉल सल्फेट साचतं, मृत पेशी एकमेकींना चिकटून राहतात. म्हणजे हा मळ नव्हे, वेळेवर न सुटलेली त्वचा आहे. रक्तातही कोलेस्टेरॉल सल्फेट वाढलेलं आढळतं.

आता गंमत बघा. 1969 साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी वारेत हेच एन्झाइम नसल्याचं नोंदवलं. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथींतून सल्फेट जोडलेली स्टेरॉइडं वारेत येतात. सल्फेट सुटलं तरच त्यांचं एस्ट्रिऑल होतं आणि ते आईच्या लघवीतून बाहेर पडतं. इथे ते फारच कमी पडतं. प्रसूतीच्या कळा लांबू शकतात, पण बाळ बहुधा सुदृढ असतं. खवल्यांचा आणि या कमतरतेचा संबंध 1978 मध्ये स्पष्ट झाला.

म्हणजे खूण दिसली आईच्या लघवीत. उणीव होती बाळाच्या वारेत. आणि त्यामागचा जनुकदोष? एक्स गुणसूत्रावरचा, बहुधा आईकडून आलेला. लगेच घरात बोट तिच्याकडे वळतं! पण वाहक आईच्या प्रत्येक मुलग्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी, आणि यात निवड कोणाचीच नसते. दोष तिथेच लागतो, जिथे वेगळं वागणं शक्य होतं. आईकडून आलं, हे कारण झालं. आईने केलं, हा आरोप झाला.

वेगळं वागणं शक्य आहे ते आपल्याला, आजपासून. घासणं थांबवावं, अंघोळीनंतर ओलसर अंगावर मलम लावावं, डॉक्टरांकडून डोळे आणि वृषण तपासून घ्यावेत. आणि त्या आईला टोमणे मारणं बंद करावं, बरं का.