‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे पडू लागले, लघवीवरचा ताबा सुटला, विसराळूपणा वाढला, की घरचे म्हणतात, ‘आता वय झाले.’ ही लक्षणे एकत्र आढळल्यास मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचले आहे काय, हे तपासून घ्यावे. १९६५ मध्ये हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी वर्णिलेला ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’ हा विकार स्मृतिभ्रंशाच्या उपचारसाध्य कारणांपैकी एक आहे.

मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि रक्तात शोषला जातो. हा तोल बिघडला, की पोकळ्या फुगतात. एमआरआयनंतर कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून चाल सुधारते का, ते पाहतात. सुधारल्यास शंट, म्हणजे झडप असलेली बारीक नळी बसवून तो द्रव पोटात वळवतात. काही रुग्णांत कवटीला छिद्र न पाडता ही नळी कमरेतून पोटात नेता येते. मांडीच्या शिरेतून बसवायच्या शंटच्या चाचण्या परदेशात झाल्या आहेत. तो अद्याप नित्याचा उपचार नव्हे.

चाल बहुधा आधी सुधारते; स्मृती तितकीशी नाही. शंटनंतर ताप, तीव्र डोकेदुखी वा गुंगी आल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. उशिराने लाभ घटतो. म्हणून चाल बदलताच डॉक्टरांना दाखवावे.