फुलवालीचा आवाज

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाची एक सोय असते. त्याचे कपडे, त्याच्या चपला, त्याचं घर, यातलं काहीच ऐकणाऱ्याला दिसत नाही. पण सोय तेवढीच. पहिली दोन वाक्यं कानावर पडली की ऐकणारा मनात नोंद करून मोकळा होतो : बोलणारा गावाकडचा की शहरातला, शाळा कुठली, घरात पुस्तकं होती की नव्हती. आपल्याकडे तर एवढी वाक्यंसुद्धा लागत नाहीत. ‘पाणी’ म्हणाला की ‘पानी’, एवढ्यावर काम भागतं.

या एका गोष्टीवर हॉलिवूडनं 1964 साली जवळजवळ तीन तासांचा संगीतपट काढला. त्याचं नाव ‘माय फेअर लेडी’. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल, निदान त्यातल्या चाली ऐकल्या असतील. ऑड्री हेपबर्नच्या मोठ्या हॅटचं चित्र तर चित्रपट न पाहिलेल्यांनाही ओळखीचं आहे. बहुतेकांच्या आठवणीत तो एक गोड प्रेमपट म्हणून राहिला आहे. मला मात्र तो दर वेळी थोडा अस्वस्थ करतो.

कथा थोडक्यात अशी. लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डनमध्ये एकीकडे ऑपेराचं थिएटर आणि शेजारीच फुलं-भाजीचा बाजार. ऑपेरा सुटतो, पाऊस येतो आणि एरवी एकमेकांकडे न पाहणारी दोन जगं एकाच छपराखाली उभी राहतात. तिथे एलायझा डूलिटल नावाची मुलगी जुड्या विकते आहे आणि खांबाआड एक गृहस्थ तिचं बोलणं टिपून घेत आहेत. तिला वाटतं पोलिसांचा माणूस. ते असतात ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री हिगिन्स. बोलणं ऐकून माणूस कुठल्या वस्तीतला, हे ते सांगू शकतात. एलायझा लिसन ग्रोव्हची, हे ते तिला पाहता पाहता सांगून टाकतात. तिथेच भेटतात कर्नल पिकरिंग. हे संस्कृतवर पुस्तक लिहिलेले आणि हिगिन्सना भेटायला थेट हिंदुस्थानातून आलेले! भारतीय भाषांच्या अभ्यासाला त्या काळच्या युरोपात काय मान होता, याची ही जाता जाता मिळणारी खूण. मग पैज लागते. सहा महिन्यांत या फुलवालीला राजदूताच्या नाचाच्या समारंभात उच्चकुलीन स्त्री म्हणून खपवून दाखवायचं. खर्च पिकरिंगचा.

इथे एक गोष्ट आपण विसरतो. दुसऱ्या दिवशी एलायझा स्वतःच्या पायांनी हिगिन्सच्या घरी येते. तिला राजकन्या व्हायचं नसतं. तिला रस्त्यावरून उठून फुलांच्या दुकानात नोकरी हवी असते आणि तिच्या बोलण्यामुळे ती मिळत नसते. शिकवणीची फी म्हणून ती एक शिलिंग देऊ करते. मूळ नाटकात हिगिन्स लगेच हिशेब मांडतात, की तिच्या कमाईच्या मानानं हा शिलिंग म्हणजे एखाद्या लक्षाधीशानं साठ-सत्तर गिनी देण्यासारखा आहे. हिशेब बरोबर असतो. पण त्या पैशामागची मुलगी त्यांना दिसत नाही. पुढचं सगळं नाट्य या न दिसण्याचं आहे.

मूळ नाटक म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’. ग्रीक पुराणात पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार आपणच घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडतो आणि देवीच्या कृपेनं तो पुतळा जिवंत होतो. शॉनी विचारलं, की जिवंत झाल्यावर त्या पुतळ्याला काय वाटलं असेल? 1913 साली हे नाटक व्हिएन्नाला जर्मनमध्ये प्रथम झालं आणि एप्रिल 1914 मध्ये लंडनला आलं. तिथे तरुण फुलवालीची भूमिका मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी केली, वयाच्या 49 व्या वर्षी.

शॉ स्वतः डब्लिनचे. इंग्रजांच्या कानाला त्यांचा उच्चार परकाच. त्यामुळे इंग्लंडमध्ये तोंड उघडताक्षणी माणसाची किंमत कशी ठरते, हे त्यांना बाहेरून स्वच्छ दिसत होतं. लंडनच्या कष्टकऱ्यांच्या कॉकनी बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळतो आणि ‘ए’ पसरून ‘आय’ होतो. खासगी शाळांतून शिकलेल्यांचा उच्चार वेगळा, आणि तोच ‘शुद्ध’. भाषेच्या दृष्टीनं पाहिलं तर ‘ह’ गाळण्यात कमीपणा काहीच नाही. फ्रेंच माणूस तो सर्रास गाळतो आणि त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. प्रश्न ‘ह’चा नसतोच, तो गाळणाऱ्याच्या खिशाचा असतो. गंमत अशी, की बीबीसीनं 1926 साली निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली, तिच्यात हेच शॉ होते आणि 1930 नंतर तिचे अध्यक्षही झाले. म्हणजे उच्चारांच्या उच्चनीचतेची थट्टा करणारा लेखक रेडिओसाठी प्रमाण उच्चार ठरवत बसला होता! यात ढोंग नव्हतं. सगळ्यांना चांगलं बोलता आलं की ही भिंत पडेल, असं शॉना प्रामाणिकपणे वाटत होतं.

चित्रपटात या शिकवणीची दृश्यं विनोदी आहेत. ‘ह’ नीट उच्चारला की फुरफुरणारी ज्योत, तोंडात गोट्या ठेवून बोलणं, स्पेनच्या पावसाचं ते वाक्य शंभरदा घोकणं. एक गोटी ती गिळते, तेव्हा हिगिन्स तिला सांगतात की काळजी नको, माझ्याकडे अजून आहेत. प्रेक्षक हसतात. मीही हसतो. पण आपल्याच जिभेला चोर ठरवून तिच्यावर पहारा ठेवायचा म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं आहे त्याचं हसू थोडं उशिरा येतं. या ज्योती आणि यंत्रं नुसती शोभेची नव्हेत. चित्रपटाच्या या भागासाठी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लाडेफोगेड यांचा सल्ला घेतला होता.

सगळ्या चित्रपटात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग. सेसिल बीटन यांनी त्यात सगळ्यांना काळे, पांढरे आणि करडे कपडे दिले आहेत. सातवा एडवर्ड 1910 मध्ये वारला, त्या वर्षीचं ॲस्कॉट शोकामुळे काळ्या पोशाखात झालं होतं, त्याची ती आठवण. माणसं पुतळ्यांसारखी उभी आहेत. घोडे धडाडत जातात, तरी एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तिथे एलायझाला पहिल्यांदा लोकांत आणलं जातं. तिचा उच्चार एव्हाना निर्दोष झालेला आहे आणि तिला दोनच विषयांवर बोलायची परवानगी आहे, हवापाणी आणि प्रकृती. प्रकृतीचा विषय निघाल्यावर ती अतिशय सुंदर उच्चारांत सांगू लागते, की आमची मावशी इन्फ्लुएन्झानं गेली असं म्हणतात, पण मला वाटतं तिला घरच्यांनीच संपवलं. बाप दारू पितो, हेही ती त्याच नाजूकपणे सांगते. एकही स्वर चुकत नाही. चूक असते ती तिच्या आयुष्यात. सांगायला तिच्याजवळ दुसरं काही नसतं. शेवटी आपला घोडा मागे पडतो आहे हे पाहून तिच्या तोंडून बाजारातली आरोळी बाहेर पडते. तेवढ्या गर्दीत जिवंत माणूस ती एकटीच.

राजदूताच्या समारंभात मात्र ती जिंकते. हिगिन्सचाच एक जुना हंगेरियन शिष्य तिला पारखायला टपलेला असतो. तिच्याशी थोडं बोलून तो जाहीर करतो, की ही इंग्रज नव्हेच, हंगेरीची राजकन्या आहे. का? तर तिचं इंग्रजी फार चांगलं आहे म्हणून! खरा इंग्रज स्वतःची भाषा इतकी काटेकोर बोलत नाही. जन्मानं मिळालेली भाषा ढिली चालते, कमावलेली भाषा इस्त्री मोडू देत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांची पाठ थोपटतात. एलायझा कोपऱ्यात उभी असते, तिला कुणी विचारत नाही. आता माझं काय होणार, हा तिचा प्रश्न. तो हिगिन्सना सुचलेलाच नसतो. नाटकात त्यांच्या आईनं तो किती आधी विचारून ठेवला होता! पहाटे एलायझा घर सोडून आपल्या जुन्या बाजारात जाते. शेकोटीभोवती तीच माणसं बसलेली आहेत. ती तिला ओळखत नाहीत. ती ‘मिस’ म्हणून अदबीनं बोलतात आणि एवढ्या पहाटे एकट्या फिरू नका म्हणून काळजी करतात. हे दृश्य लहानसं आहे, त्यात अश्रू-बिश्रू नाहीत. पण या कथेत खरी फाटाफूट होते ती इथे.

मी शिकायला पुण्याला आलो तेव्हा पहिलं वर्षभर वर्गात गप्पच होतो. आधी मनात वाक्य बोलून पाहायचो, ‘न’ कुठे आणि ‘ण’ कुठे ते तपासायचो, तोवर गुरुजी पुढच्या बाकावर गेलेले असायचे. पुढे जमलं. दिवाळीला घरी गेलो आणि ओसरीवर बसून आईला काहीतरी सांगत होतो, तर ती ऐकता ऐकता म्हणाली, “पाव्हण्यागत काय बोलतुयास रं?” ती रागावली नव्हती. मी लगेच जुन्या बोलीत बोलायचा प्रयत्न केला, आणि तो मला नाटकी वाटला. एलायझा त्या शेकोटीपासून वळते तेव्हा मला ओसरी दिसते, ती यामुळे.

याच बाजारात तिला बापही भेटतो. आल्फ्रेड डूलिटल, कचरा उचलणारा. यानं मुलगी हिगिन्सकडे राहते आहे कळल्यावर पाच पौंड मागितले होते. दहा देऊ केले तर नको म्हणाला, कारण दहा हातात आले की माणूस जपून वागायला लागतो आणि सुख जातं! हिगिन्स एका अमेरिकन धनिकाला थट्टेनं लिहितात, की हा इंग्लंडातला सर्वांत अस्सल नीतिविचारवंत. धनिक मृत्युपत्रात त्याला वर्षासन ठेवून जातो. झालं, डूलिटल बुडाला. आजवर न दिसलेले नातेवाईक उगवतात आणि जिच्याबरोबर राहत होता तिच्याशी रीतसर लग्न करावं लागतं. मुलगी भाषेमुळे वर जाते, बाप पैशामुळे, आणि दोघांचाही परतीचा रस्ता बंद होतो. स्टॅन्ली हॉलोवे हा अस्सल लंडनकर नट ही भूमिका काय मजेत करतो!

पडद्यामागची हकिकतही आवाजाचीच आहे. शॉ हयात असेपर्यंत त्यांनी ‘पिग्मॅलियन’चं संगीत नाटक होऊ दिलं नाही. 1950 साली ते वारले आणि 1956 मध्ये ॲलन जे लर्नर यांची गीतं आणि फ्रेडरिक लोव यांचं संगीत घेऊन ‘माय फेअर लेडी’ ब्रॉडवेवर उभं राहिलं. त्याचे 2,717 प्रयोग झाले. शॉच्या मृत्युपत्रामुळे त्यांच्या मानधनाचा ओघ ब्रिटिश म्युझियम, लंडनची नाट्य अकादमी आणि आयर्लंडचं राष्ट्रीय कलादालन यांच्याकडे गेला. नको म्हटलेल्या गाण्यांनी तीन संस्था जगवल्या. रंगभूमीवरची एलायझा होती ज्यूली अँड्र्यूज. चित्रपटाचे हक्क 55 लाख डॉलरला घेणाऱ्या जॅक वॉर्नरना मात्र पडद्यावर नाव असलेली नटी हवी होती, म्हणून ऑड्री हेपबर्न आली. हेपबर्नची आई डच सरदारघराण्यातली. म्हणजे फुलवालीची उमरावीण होण्याऐवजी इथे उमरावाघरच्या मुलीला फुलवाली व्हायचं होतं. सुरुवातीच्या प्रसंगांत ते जाणवतं. तिच्या चेहऱ्यावरची काजळी उसनी वाटते.

आणि तिची गाणी? ती बहुतांशी मार्नी निक्सन हिच्या आवाजात आहेत. दुसऱ्याच्या मुशीत आवाज घालून देणाऱ्या माणसाची ही गोष्ट, आणि तिच्या नायिकेचाच आवाज काढून घेतलेला! निक्सनचं नाव पडद्यावर आलंसुद्धा नाही. उलट रेक्स हॅरिसन यांना गाता येत नव्हतं, ते लयीत बोलत. दोनदा सारखं बोलणं जमणार नाही म्हणून त्यांनी आधी ध्वनिमुद्रण करायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून गाणी चित्रित करतानाच मुद्रित केली गेली. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, त्यात हॅरिसन होते, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर होते, ध्वनिमुद्रणही होतं. हेपबर्नला नामांकनदेखील नाही. त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री ठरली ‘मेरी पॉपिन्स’ची ज्यूली अँड्र्यूज.

मराठीत ही मुलगी 1975 साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मधून आली. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचे प्राध्यापक ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळं सांगायला नको. पुलंनी आधार शॉच्या नाटकाचा घेतला. पण मास्तरांचा सूड घेण्याची स्वप्नं रंगवणारं मंजुळेचं जे स्वगत घराघरांत पाठ झालं, तशी जागा शॉकडे नाही. ती ‘माय फेअर लेडी’तल्या गाण्यात आहे. भाषांतर करावं लागलं ते शब्दांपेक्षा उच्चनीचतेचं, आणि तो माल आपल्याकडे तयारच होता.

शेवटाबद्दल भांडण 1914 पासून चालू आहे. शॉच्या नाटकात एलायझा निघून जाते. पण हिगिन्सचं काम करणाऱ्या हर्बर्ट ट्री यांनी पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं फेकायला सुरुवात केली आणि प्रेक्षक लग्न गृहीत धरून घरी गेले. शॉ संतापले. चित्रपटातही ती परत येते. हिगिन्स एकटेच तिच्या जुन्या बोलीची ध्वनिमुद्रिका ऐकत बसलेले असतात. ती यंत्र बंद करते आणि पुढचं वाक्य स्वतः त्या जुन्या बोलीत म्हणते. ते हॅट डोळ्यांवर ओढतात आणि सपाता कुठे आहेत म्हणून विचारतात. मला हे पटत नाही. फक्त ती जुनी बोली ती आता हवी तेव्हा बोलू शकते आणि नको तेव्हा सोडू शकते, एवढं मला त्यातून घेऊन जावंसं वाटतं.

शॉनी 1916 मध्ये नाटकाला जोडून एक लांबलचक टिपण लिहिलं आणि खरं काय झालं ते सांगून टाकलं. एलायझा तिच्यावर जीव टाकणाऱ्या, खानदानी पण निष्कांचन अशा फ्रेडीशी लग्न करते. पिकरिंगच्या पैशानं दोघं रेल्वे स्टेशनच्या कमानीत फुलांचं दुकान घालतात. सुरुवातीला ते तोट्यात चालतं, कारण फ्रेडीला हिशेब येत नाहीत आणि एलायझाला बिलं लिहिता येत नाहीत. संध्याकाळी दोघं वर्गांना जातात. पुढे फुलांच्या शेजारी शतावरीचे कोंब मांडले जातात, मग हळूहळू बाकीच्या भाज्या, आणि दुकान चालायला लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)