पितळी स्वरांचे अज्ञात लेखक

चंद्रपूर-गडचिरोलीकडील एखाद्या वरातीत बँडवाला ट्रंपेटवर जुने चित्रपटगीत वाजवू लागला की वऱ्हाडी मंडळी संगीतकाराचे नाव सहज सांगतात. पण दोन कडव्यांमधला तो चमकदार तुकडा कागदावर कोणी उतरविला, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

तो उतरविणारे बहुतांशी गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन शिकविले जाई. त्या परंपरेतून सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट हे मुंबईस आले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना ‘अलबेला’साठी (1951) चिक चॉकलेट यांचे साहाय्य लाभले, शंकर-जयकिशन यांचा भव्य वाद्यमेळ डिसोझांनी मांडला.

हे काम केवळ नकलनविशीचे नव्हे. ट्रंपेटवादकाने कागदावरचा ‘सी’ वाजविला, तर कानी ‘बी फ्लॅट’ पडतो. म्हणून त्याचा भाग एक पूर्ण स्वर चढवून लिहावा लागतो. आल्टो सॅक्सोफोनसाठी हेच अंतर नऊ अर्धस्वरांचे. शिवाय व्हायोलिनच्या गजाला दम लागत नाही, फुंकणाऱ्याला लागतो! वाक्य कोठे तोडावे, ट्रंपेटवादकाच्या ओठांना विसावा केव्हा द्यावा, ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकण्यास किती अवधी लागेल, हे सारे लिहिणाऱ्याने आधीच जाणले पाहिजे.

सातासमुद्रापलीकडील जमैकातही असेच घडले. किंग्स्टनमधील जोगिणींनी चालविलेल्या आल्फा शाळेच्या बँडमध्ये शिकलेली मुले पुढे ‘स्का’ या नृत्यसंगीताचे आधारस्तंभ ठरली. 1964 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्काटलाइट्स’मधील ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड हा त्यांतलाच. स्कामध्ये गिटार व पियानो मात्रांच्या मधल्या जागी ठोका देतात. त्या ठोक्याला वाट मोकळी ठेवून ट्रंपेट, सॅक्सोफोन व ट्रॉम्बोन यांनी आखूड, ठसठशीत वाक्ये एकमुखाने म्हणावयाची असतात. येथे लिहिण्याइतकेच न लिहिण्यालाही महत्त्व. हौशी मंडळी नेमकी हीच जागा भरून टाकतात आणि गाणे गुदमरते.

चाल संगीतकाराची, हे निर्विवाद. परंतु एवढ्या विद्येची बोळवण श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ या एका शब्दावर व्हावी, आणि कित्येकदा तेवढीही होऊ नये, हा उघड अन्याय होय. अँथनी गोन्साल्विस स्वतः व्हायोलिनवादक. 1958 साली त्यांनी मुंबईत रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालणारा वाद्यवृंद उभारला. त्यांचे नाव घरोघरी पोचले ते 1977 साली, शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात ते गुंफले तेव्हा. पडद्यावर ते नाव घेऊन अंड्यातून बाहेर पडला तो मात्र अमिताभ बच्चन.