माळेचा फासा



गेल्या नाताळाच्या विक्रीत आपल्यापैकी अनेकांनी जव्हारकडील पाड्यावरच्या भगिनींनी केलेल्या लाकडी माळा घेतल्या. त्यांतल्या ९ माळा मार्चअखेर परत आल्या. मणी शाबूत होते, दोराही शाबूत होता. तक्रार एकच होती, की माळ गळ्यातून आपोआप सुटून पडते. एका बाईंनी चिठ्ठीत लिहिले होते, "माळ छान आहे, पण दोनदा बसमध्ये पडली. आता घालत नाही."

या भगिनींना हे काम शिकवणारा मीच. सुतारकामाचा शिक्षक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर महिन्यातून दोनदा पाड्यावर जातो. चूक माझी होती. ती कोणती आणि आम्ही ती कशी दुरुस्त केली, ते येथे सांगतो.

फासा म्हणजे माळेची दोन टोके मानेमागे अडकवण्याची जागा. बाजारात पत्र्याचे हूक स्वस्त मिळतात, पण घामाने ते गंजतात, आणि निकेलचा मुलामा काहींच्या कातडीला सोसत नाही, खाज सुटते. म्हणून मी फासाही लाकडाचाच करायला सांगितला. एका टोकाच्या मण्याला आडवे भोक पाडायचे आणि दुसऱ्या टोकाची गोल खुंटी त्यात घट्ट दाबून बसवायची. सप्टेंबरात केलेल्या या खुंट्या इतक्या नेमक्या बसत, की मला अभिमान वाटला.

पण लाकूड हवेतले पाणी पिते आणि परत सोडते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. हे फुगणे-आकसणे तंतूंच्या आडव्या दिशेने होते. लांबीच्या दिशेने जवळजवळ होतच नाही. त्यामुळे खुंटी वाळली की सगळ्या बाजूंनी बारीक होते. मण्यातले आडवे भोक मात्र एकाच बाजूने आकसते आणि लंबगोल होते. मग एका बाजूला फट पडते आणि खुंटीची पकड जाते. उलट उन्हाळ्यात नेमकी बसवलेली खुंटी श्रावणात इतकी अडकते, की निघता निघत नाही. दोष भगिनींच्या हाताचा नव्हता. घट्टपणावर विसंबणारा फासाच लाकडाला मानवत नाही.

परत आलेल्या माळा मी सगळ्यांसमोर ठेवल्या. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग गटातल्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, मानेमागं बोटांना दिसत नाय. भोक शोधायचं तरी कसं?" त्यांनी स्वतःच्या गळ्यातली मण्यांची माळ पुढे केली. तिला मागे शर्टाचे जुने बटण आणि दोऱ्याचा फास होता. घट्ट काहीच नव्हते. बटण आडवे होई आणि अडकून राही. आमचे उत्तर त्यातच होते.

आता आम्ही दोन प्रकारचे फासे करतो.

पहिला खिटी आणि कडीचा. कडीच्या आतली रुंदी १२ मिलिमीटर, खिटीची लांबी २२. खिटी उभी करून कडीतून घालायची; सोडली की ती आडवी होते आणि परत निघत नाही. यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खिटीचे तंतू तिच्या लांबीला धरून हवेत, नाहीतर ती मध्येच मोडते. दोरा बांधायला खिटीला भोक पाडायचे नाही, मध्यावर गोल खाच करायची. भोकाने ती जास्त कमकुवत होते. आणि खिटीजवळचा किमान १२ मिलिमीटर दोरा मण्यांशिवाय मोकळा ठेवायचा. मणी खिटीला चिकटले, तर ती कडीतून पार जाण्याइतकी वळतच नाही. आमच्या पहिल्या ५ माळा याच कारणाने उसवाव्या लागल्या.

कडी आधी सागाच्या तुकड्याची केली. गोल कडीत दोन ठिकाणी तंतू आखूड पडतात आणि ती नेमकी तिथेच तुटते. बांबूची चकतीही उभी चिरते. शेवटी नारळाची करवंटी घेतली. तिला लाकडासारखे एकाच दिशेचे तंतू नसतात, म्हणून पातळ असूनही ती टिकते.

दुसरा प्रकार घुंडी आणि काजाचा. जुन्या बंडीला असे तसाच. एका टोकाला गोल मणी, दुसऱ्या टोकाला दोऱ्याचे काज. सुती दोरा वापराने ताणतो, काज सैल होते आणि घुंडी निसटते. म्हणून दोरा आधी भिजवून, वजन टांगून रात्रभर ताणून ठेवतो आणि काजावर जवळजवळ काजटाके घालतो. ज्यांची बोटे आखडतात त्यांना मोठी घुंडी बरी पडते.

प्रत्येक नमुन्याची परीक्षा होते. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या फाशाला रात्रभर टांगतो. सकाळी तीच माळ आजी डोळे मिटून एका दमात घालून दाखवतात. दोन्ही जमले तरच तो फासा पुढच्या माळांना लागतो. लहान मुलांसाठी मात्र असा पक्का फासा आम्ही लावत नाही. माळ कुठे अडकली, तर ती तुटलेलीच बरी.

परत आलेल्या नवाही माळांना नवे फासे लावून त्या ज्यांच्या त्यांना पाठवल्या आहेत. आपल्याकडची माळही सैल झाली असेल, तर पुढच्या विक्रीच्या वेळी आणावी. फासा विनामूल्य बदलून देऊ. आणि नवी माळ घेताना आधी गळ्यात घालून, मागे हात नेऊन पाहावी. जमले नाही तर संकोच न करता तसे सांगावे. दयेपोटी माणूस एकदा माळ घेतो. दुसऱ्यांदा घेतो ती माळ चांगली आहे म्हणून, आणि या भगिनींचे घर त्या दुसऱ्या खरेदीवर चालते.

बसमध्ये माळ पडलेल्या बाईंचे उत्तर आले आहे. त्यांना बहिणीसाठी आणखी एक हवी आहे, घुंडीची.